'शुल्क माफ'चा शिक्का

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी माझ्या डोळ्यांसमोर एक निळा शिक्का येतो. त्यावर दोनच शब्द होते, 'शुल्क माफ'. त्या दोन शब्दांपुढे माझी बावीस वर्षांची नोकरी अक्कलशून्य ठरली.

तेव्हा मी जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मी मूळचा कोकणातला. केळीच्या गाड्या, यात्रेचा बंदोबस्त आणि बांधावरून होणारी डोकी फोडाफोडी यातच आमचा दिवस जायचा. एप्रिलमध्ये एका सकाळी केळी भरणारा एक हमाल ठाण्यात आला. बसायला सांगितलं तरी तो उभ्यानेच अहिराणीत बोलू लागला.

"साहेब, एक माणूस जीपमा केळीना क्रेट लई जास. भरेल क्रेट एक हातवर उचलस. केळी इतली हलकी ऱ्हास का?"

आयुष्यभर ओझी उचललेल्या माणसाचं हे निरीक्षण होतं. मी लगेच राज्याच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाकाबंदी लावली आणि स्वतः जाऊन उभा राहिलो.

दुपारी दीडच्या सुमाराला जीप आली. चालवणारा चाळिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, अदबीने बोलणारा. माझ्या हवालदाराने क्रेटवरची केळीची पानं बाजूला केली आणि तो दोन पावलं मागे सरला. आत कापडी पिशव्यांत मानेपर्यंत बांधलेली सहा छोटी घुबडं होती. रानपिंगळे. हा पक्षी दिवसा जागा असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सहाही जण पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे टक लावून बघत होते.

त्या माणसाने शांतपणे एक कागद पुढे केला. एका निवृत्त शिक्षकाच्या नावे दिलेली ती परवानगी होती. दुर्मीळ पक्षी पकडून पायात कडी घालायची, नोंद करायची आणि जागेवर सोडून द्यायचं, असं काम. अशा परवानगीला एरवी शुल्क पडतं, पण संवर्धनासाठी राबणाऱ्याला ते माफ करता येतं. म्हणून तो शिक्का.

"मी आबांचा सहायक. पक्षी आजारी आहेत, उपचाराला नेतोय," तो कागदावरच्या नावावर बोट ठेवून म्हणाला.

मी मनात हिशेब मांडला, सरकार ज्याच्याकडून फीसुद्धा घेत नाही तो माणूस लबाड कसा असेल? कागदावर 'जागेवर सोडणे' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. ते मी वाचलं आणि तरीही मला ते दिसलं नाही. हवालदार गाडीचा नंबर टिपायला लागला, तर मीच त्याला थांबवलं. "राहू दे रे, चांगल्या कामाची गाडी आहे." वर त्या माणसाला चहा पाजला आणि "सावकाश जा, ऊन आहे," असं सांगून निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी वनाधिकाऱ्यांचा फोन आला. मुक्ताईनगरच्या पुढे एका नाल्यात केळीचे क्रेट सापडले होते. मी पोहोचलो तेव्हा चार पक्षी तिथल्या मातीवर ओळीने ठेवलेले होते. जीपच्या ताडपत्रीखालच्या उकाड्यात गुदमरून मेले होते. प्रत्येकाच्या पायात कडी होती. दरोडे पाहिले होते, खून पाहिले होते, पण तिथे मात्र मी मातीत बसून एकेका कडीचा आकडा स्वतः टिपून घेतला. माझ्या नाक्यावरून, नेणाऱ्याला मीच चहा पाजल्यावर, ते मरायला गेले होते. उरलेले दोन कुठे होते ते कोणालाच माहीत नव्हतं.

परवानगीवरच्या शिक्षकांना ठाण्यात आणलं. गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणू लागलो. पांढरी टोपी, पायात टायरच्या चपला. निवृत्तीनंतर अकरा वर्षं हा माणूस पदरमोड करून डोंगरात पक्षी मोजत होता. मेलेल्या पक्ष्यांचे फोटो दाखवले तेव्हा त्यांनी कड्यांवरचे आकडे वाचले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सगळं स्वतःवर घेतलं.

"सही मनी शे. पक्षी मनाज शेतस. गुन्हा मना नावे लिखा."

"आबा, जीप तुम्ही चालवत नव्हता. मी त्या माणसाला पाहिलंय. कोण तो?"

दोन दिवस चौकशी केली. मी समजावलं, आवाज चढवला, अटकेची भीती घातली, परवानगी कायमची जाईल हेही सांगितलं. ते फक्त उरलेल्या दोन पक्ष्यांचा शोध लागला का, एवढंच विचारायचे, "त्या दोन सापडनात का?"

त्यांची वही जप्त केली होती. कोणत्या झाडाच्या ढोलीत कोणता पक्षी, कडीचा क्रमांक, तारीख, सोबत कोण, सगळं सुवाच्य अक्षरात. चोराला दुसरा नकाशा नकोच होता. गेल्या वर्षभरात दर रविवारी सोबतीच्या रकान्यात एकच शब्द होता, 'पाव्हना'. मी शिपायांना हुकूम सोडला, बाहेरून आलेला हा पाहुणा शोधा. त्यांनी चोपड्यापासून जळगावपर्यंत सगळे लॉज पालथे घातले. शहरातून आलेले दोन फोटोग्राफर आणि विम्याचा एक एजंट यांना उगाच घाम फोडला.

नाकाबंदीनंतर माझा हवालदार रजेवर चाळीसगावला, सासुरवाडीला गेला होता. तिसऱ्या दिवशी तो नवी कोरी टोपी घालून हजर झाला. मी वैतागून म्हटलं, "इथे आम्ही मरतोय, आणि तुझी मजा."

"काय करू साहेब, पाव्हना म्हटल्यावर मांडे खाल्ल्याशिवाय सोडतात का?"

"पाहुणा? तू तर घरचा जावई."

तो हसला. "आमच्याकडे जावयालाच पाव्हना म्हणतात, साहेब. सासरा नाव घेत नाही त्याचं."

मी वही त्याच्यापुढे टाकली. त्याने तो रकाना वाचला आणि त्याचं हसू मावळलं. मी 'पाहुणा' म्हटलं म्हणून शिपायांनी पाहुणाच शोधला होता. साहेबाला शब्द कोण शिकवणार?

आबांना एकच मुलगी होती, धुळे जिल्ह्यात नरडाण्याजवळ दिलेली. आम्ही तासाभरात निघालो. दार उघडलं ते इस्त्रीच्या शर्टानेच. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला, पण तोंड बंद होईना. आपण घुबड पाहिलेलंच नाही, असं तो शपथेवर सांगत होता. मागे त्याची बायको पदर तोंडाला लावून उभी होती.

"ताई, तुमचे वडील ठाण्यात बसलेत. गुन्हा स्वतःवर घेतायत," मी म्हटलं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. "माडीवर शेतस, साहेब. दोन. एक काहीच खात नही."

नंतर चौकशीत त्याने सगळं सांगितलं. अर्ज त्यानेच टाइप केला होता, मूळ कागद त्याच्याकडेच होता. अघोरी पूजेसाठी घुबडं मागणारं गिऱ्हाईक सीमेपलीकडे ठरलं होतं, पण पक्षी मेले तसा तो घाबरून परत फिरला. मी विचारलं, एवढी हिंमत आली कुठून? तो सहज म्हणाला, "ज्याची फी माफ, त्याला कोणी काही विचारत नाही, साहेब. तुम्ही तरी कुठे विचारलंत?"

मला त्याला मारावंसं वाटलं. मारलं नाही, कारण तो खरं बोलत होता.

दोन्ही पक्षी वाचले. आबांनी ते त्यांच्या त्यांच्या ढोलीपाशी सोडले, तेव्हा मुलगी त्यांच्यासोबत होती. "मनी आंडेरना संसार मोडी जाई, म्हनीसन मी गप ऱ्हायनू," ते मुलीकडे बघत मला म्हणाले. मुलगी म्हणाली, "मोडी गया, आबा. पन तुम्ही सुटनात." बाप सुटला, एवढंच तिला पुरेसं होतं.

निवृत्तीनंतर खूप जण विचारतात, या नोकरीने काय शिकवलं? मी सांगतो, चांगल्या माणसाचा कागदही शेवटपर्यंत वाचावा, आणि चांगल्या कामाच्या गाडीचाही नंबर टिपून घ्यावा. मी तो टिपू दिला नाही. वरिष्ठांनी मला तोंडी समज दिली आणि माझ्या चुकीचं प्रकरण तिथेच संपवलं.

पुढच्या वर्षी आबांनी परवानगीसाठी पुन्हा अर्ज केला. वर्तणुकीच्या अहवालासाठी तो माझ्या टेबलावर आला. शुल्कमाफीच्या रकान्यात त्यांनी त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'माफी नको. शुल्क भरीन.'

मला दिलेली माफी मात्र मी मुकाट्याने घेतली होती.