पडेल ते काम

प्रमोदवर मी सगळ्यात जास्त चिडले ती गेल्या जुलैत, आणि तो राग अजून उतरलेला नाही. त्यातला अर्धा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकते.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमची अकरा जणांची सॉफ्टवेअर कंपनी होती. मालक कमलेशशेठ, उल्हासनगर कॅम्प एकचे. कारखान्यांचा माल, गेटपास, वजनकाटा हे सगळं कॉम्प्युटरवर आणून द्यायचं, हा धंदा. गिऱ्हाइकाचा फोन आला की शेठचं उत्तर ठरलेलं, "प्रमोद है ना." आणि प्रमोद असायचाच. वजनकाट्याची वायर उंदराने कुरतडली, तो गेला. सर्व्हर बंद पडला, तो बसला. प्रोग्राम लिहायचे, डेटाबेस नीट करायचा, गेटवरच्या वॉचमनला माउस धरायला शिकवायचं, सगळं तोच. चौदा वर्षं.

मी बदलापूरहून तिथे कामाला लागले तेव्हा मला डेटाबेसमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानेच शिकवलं. मला ते आवडलं आणि मी तेवढंच धरून बसले. तो मात्र दर सहा महिन्यांनी काहीतरी नवीन उकरून काढायचा. एक काहीतरी धर, म्हणून मी किती कटकट केली असेल. तो हसायचा आणि बबनकाकांचं नाव पुढे करायचा.

बबनकाका म्हणजे त्याचे वडील. विठ्ठलवाडीला राहतात. रंगाच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं एकाच मशीनवर होते, नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे. मग कंपनीने ती मशीन भंगारात काढली आणि काकांनाही घरी बसवलं. वय चव्वेचाळीस, दुसरं काही येत नाही. शेवटी एका सोसायटीत वॉचमन झाले. मुलाला त्यांनी एकच बजावलं होतं, की एका मशीनचा होऊ नको. प्रमोदने ते पंचशीलाइतकं मनावर घेतलं.

जुलैत शेठनी कंपनी ऐरोलीच्या एका मोठ्या कंपनीला विकली. नव्या लोकांनी प्रत्येकाला फॉर्म दिला. त्यात एक रकाना होता, मुख्य कौशल्य, फक्त एकच लिहा. सोबत यादी होती, कशाला किती जागा. डेटाबेसला एक.

प्रमोदने त्या रकान्यात लिहिलं, ‘पडेल ते काम’.

माझं डोकंच सणकलं. नाक्यावर मजुरीला उभा आहेस का, असं मी त्याला भर ऑफिसात बोलले. तो शांतपणे म्हणाला, खरं तेच लिहिलंय, वाचतील तेव्हा विचारतील, मग सांगेन सगळं. त्याला खरंच वाटत होतं की कोणीतरी विचारेल. चौदा वर्षं शेठच्या हाताखाली काढलेला माणूसच ही चूक करू शकतो. तिथे फॉर्म नव्हतेच, माणूस ओळखून काम मिळायचं.

नेटवर्क लिही, मी म्हटलं. टेस्टिंग लिही, काहीही लिही. डेटाबेस लिही, एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. माझ्यापेक्षा त्याला ते जास्त येत होतं आणि ती एक जागा मला हवी होती. मुलगी दहावीला, नवऱ्याची नोकरी गेलेली, ही कारणं मी स्वतःला खूपदा सांगितली आहेत. खरीच आहेत ती. तरी मला माझी लाज वाटते.

त्याला कोणी काही विचारलं नाही. ठरावीक कौशल्य आढळत नाही, असं पत्र आलं. मी ऐरोलीला रुजू झाले. तो मुलाखती देत हिंडला. सगळीकडे एकच प्रश्न, तुमची खासियत काय, आणि याच्याकडे सांगायला डझनभर गोष्टी.

सप्टेंबरात त्याचा फोन आला. बाबांनी तुला घरी बोलावलंय, म्हणाला. त्यांना सांगितलंय की कंपनीच बंद पडली, सगळेच घरी बसले, तूसुद्धा. मग म्हणाला, "खरं कळलं तर ते म्हणतील, माझ्यामुळे झालं. तेवढं सांभाळून घे."

रविवारी गेले. काकांनी जय भीम घातला, खुर्ची पुढे केली. प्रमोदच्या बायकोने, यशोधराने, चहा दिला. तिला सगळं ठाऊक होतं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

काका समोर येऊन बसले. मग म्हणाले, "पोरी, तुजीच काळजी वाटते बघ. आमच्या प्रमोदचं काय नाय, त्याला सगळं येतं, कुटंबी चिकटंल. तुला एकच येतं ना? माजं बी असंच झालं व्हतं."

सांगून टाकावं असं फार वाटलं. प्रमोदने नुसती मान हलवली, नको म्हणून. मी गप्प बसले. दुसऱ्यांदा.

काका मुलाकडे वळले. "हिला शिकव रं थोडं. चार गोष्टी येऊ देत हिला. तू नाय तर कोण शिकवणार?"

"हो बाबा," प्रमोद म्हणाला. त्याने लॅपटॉप उघडला, माझ्यासाठी शेजारी जागा केली आणि पहिल्यापासून, अगदी सावकाश, मला नेटवर्क समजावून सांगायला लागला.