राखायची झाडं

टेपकाकांच्या खिशात पेन नसे, मोजायची टेप असे. होणारा जावई पहिल्यांदा घरी आला, तेव्हा काकांनी तो ज्या टेबलावर हात ठेवून बसला होता त्याची फळी आधी मोजली, असं काकू अजून हसून सांगते.

वनखात्यातली त्यांची सव्वीस वर्षं एकाच तुकड्यावर गेली. रोपं त्यांनीच लावलेली. आता झाडं इतकी दाटली होती की एकमेकांचं ऊन खात होती, सगळी काठ्यांसारखी. आताच काही झाडं काढून विरळणी झाली नाही, तर पुढच्या चाळीस वर्षांतही तिथे एक जाड खोड तयार होणार नव्हतं.

निधी मागायला गेले, तर नवे साहेब म्हणाले, "झाडं तोडायला पैसे? रोपं लावा की. फोटो तरी येतो."

"मागच्या फोटोतली रोपं कुठायत साहेब? तिथे आता नुसता फलक उभा आहे."

तीन वर्षं डोकं खाल्ल्यावर निधी मिळाला. काकांनी आराखडा केला: कोणती झाडं काढायची, कोणती पोसायची, कोणतं आधीपासूनचं जुनं पोकळ झाड घुबडांसाठी सोडायचं. मग महिनाभर फिरून राखायच्या झाडांना पांढरा पट्टा मारला. राखायची थोडी, म्हणून रंग कमी लागतो. इथली पद्धतच तशी. आराखड्याच्या पहिल्याच पानावर ते ठळक लिहिलंही होतं.

काका दोन दिवस मुलीकडे गेले. साहेबांना वर्षअखेरीआधी काम उरकायचं होतं. त्यांनी काकांना न विचारता बाहेरची टोळी लावली. त्या टोळीच्या भागात पट्टा म्हणजे तोडायचं झाड.

परतल्यावर काकांना फाटकापाशीच करवत ऐकू आली. ते धावत सुटले. "बंद कर! अरे, बंद कर ती!"

मुकादम गोंधळला. "काका, पट्टा बघूनच कापतोय. एकही चुकलेलं नाही."

खरंच चुकलं नव्हतं. त्रेसष्ट उत्तम झाडं आडवी पडली होती. पोकळ झाडही. भुशात पिसं मिसळली होती.

बातमी कळताच आलेल्या साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला. "खुणांचा घोळ तुमच्याकडून झाला, एवढं लिहून द्या. महिन्याभरात निवृत्त होताय, तुम्हाला काय फरक पडतो?"

काकांची कानशिलं तापली. "मला? मी काय ते लाकूड उरावर घेऊन जाणार होतो?" त्यांनी पेन हिसकावलं आणि लिहिलं, 'पट्टा राखण्याचा होता. पहिलं पान साहेबांनी उघडलं नाही.' खाली सही ठोकली.

मग मुकादमाकडे वळले. "करवत ठेव. रंगाचा डबा उचल."

त्रेसष्टांच्या जागी त्रेसष्ट निवडायची होती, शेजारच्या काठ्यांतूनच. काकांनी पहिल्या झाडाला टेप गुंडाळली, आकडा वाचला आणि करवादले, "दुसऱ्या नंबरचं! डबा नीट धर रे."

मग ब्रश बुडवून त्यांनी पांढरा पट्टा मारला आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'राखायचं'.