बस्त्यात पेटलेली व्हिएतनामची लढाई

लग्नात काय काय बिघडू शकतं याची मला चांगली कल्पना होती. माझं स्वतःचं लग्न नुकतंच होऊन गेलं होतं. त्यात वरणाला मीठ नव्हतं, भटजी चुकून दुसऱ्याच मांडवात गेले होते आणि नवरदेवाची एक चप्पल अजून सापडलेली नाही. म्हणून धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी सगळी व्यवस्था आपल्या हातात घेतली. मांडववाला, आचारी, बँड, पाण्याचा टँकर, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं वेळेत ठरलं. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा बंदोबस्त तेवढा राहून गेला.

आमचे वडील सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. मामा, म्हणजे आईचे पाठचे भाऊ, नांदगावला शेती करत आणि बाजाराच्या दिवशी बियाणं विकायला बसत. मेव्हण्यानं दाजींची चेष्टा करायची आणि दाजींनी चिडायचं, हे घरोघरी चालतं. आमच्याकडे ते परराष्ट्र धोरणावर चाले.

कारणं अगदी घरगुती होती. बांगलादेशच्या युद्धात अमेरिकेनं आपल्याला दम द्यायला आरमार पाठवलं, तेव्हा वडील ब्लॅकआउटसाठी खिडकीच्या काचांना काळा कागद लावत होते. ते स्टुलावरून पडले आणि डावा खांदा कायमचा दुखावून बसले. त्या वेळचा अध्यक्ष हत्ती निशाणीच्या पक्षाचा होता. थंडीत खांदा धरला की वडील त्याच्या नावानं बोटं मोडत. मामांचा राग त्याच्या आधीच्या, गाढव निशाणीच्या पक्षाच्या अध्यक्षावर. टंचाईत त्यानं जो गहू पाठवला त्यातूनच गाजरगवत देशात आलं आणि थेट आपल्या बांधावर उगवलं, याबद्दल मामांना तिळमात्र शंका नव्हती. त्या गवतानं त्यांच्या हातांना कोपरापर्यंत खाज सुटे. वडिलांचा खांदा आणि मामांचे हात एवढ्या भांडवलावर अमेरिकेतले दोन्ही पक्ष आमच्या घरात नांदत होते.

व्हिएतनामची लढाई गाढववाल्यानं अंगावर घेतली, असं मामांचं म्हणणं. हत्तीवाल्यानं ती चिघळवली, असं वडिलांचं. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होतं, त्यामुळे वाद मिटण्याची काही आशा नव्हती. त्यातून वडिलांची पंचाईत अशी की हत्तीला विरोध केल्यामुळे ते आपोआप गाढवाकडचे ठरले. जेवायला बसलं की मामा आईला सांगत, "आक्का, गाढवाकडच्यांना भाकर वाढ." वडील भाकरी घेत, पण तोंड फिरवून.

लढाई संपल्याची बातमी आली आणि त्याच आठवड्यात आमचा बस्ता होता. बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून लग्नाचे कपडे घ्यायचे. मेन रोडवरच्या दुकानात पांढऱ्याशुभ्र गादीवर आम्ही सगळे बसलो होतो. व्याही वणीचे. देवीच्या यात्रेकरूंसाठी त्यांचं नारळ-ओटीचं दुकान होतं. माणूस शांत, रीतीभातीला जपणारा. नवरीचा शालू ठरला, सासूची पैठणी ठरली. मामांच्या मानाचा फेटा निवडायचा होता, तेवढ्यात दुकानदारानं सहज म्हणून वडिलांच्या हातात वर्तमानपत्र दिलं.

वडिलांनी मोठ्यानं वाचलं की अमेरिका अखेर हरली. मग म्हणाले, हत्तीवाल्यांनी हरवली. मामा फेट्याचा पोत बघत होते. ते मान वर न करता म्हणाले, आग लावणाऱ्याला सोडून विझवणाऱ्याला धरायची ही गाढवांची जुनी रीत आहे. वडील म्हणाले, विझवणाऱ्यानं बादलीतून रॉकेल ओतलं. पुढचं सगळं मला आठवत नाही. एवढं आठवतं की गादीवर उलगडलेल्या साड्यांचा नकाशा झाला होता. मामा एका हिरव्या लुगड्यावर बोट ठेवून जंगल दाखवत होते, वडील सासूच्या पैठणीच्या काठावर समुद्र दाखवत होते, आणि दुकानदार दोघांच्या हाताखालून हळूहळू माल काढून घेत होता.

शेवटी मामा उठले. फेटा तसाच ठेवून म्हणाले, "दाजी, लढाई तुमच्या गाढववाल्यानं सुरू केली, असं चार माणसांत म्हणा. तवर मी मांडवात पाय ठेवणार नाय."

वडील म्हणाले, "नका ठेवू."

मामा स्टँडच्या दिशेनं चालू लागले. व्याही माझ्याजवळ सरकले आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "ताई, हे अध्यक्ष आपल्याकडचे कोण?"

"लांबचे आहेत," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, पण त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. ज्यांच्यावरून मुलीचा मामा बस्त्यातून उठून जातो असे हे लांबचे नातेवाईक पत्रिका जुळवताना कसे लपवले, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

आता मामा रुसणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणतो तो मामा. मंगलाष्टका चालू असताना तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. बाकी कोणी नसलं तर चालवून घेतात. मामा नसला तर अख्खा मांडव विचारतो. शिवाय धाकटीची गोष्ट निराळी होती. तिच्या जन्मानंतर आईला विषमज्वर झाला आणि धाकटी शाळेत जायच्या वयापर्यंत नांदगावलाच वाढली. चालायला ती शिकली ती मामांचं बोट धरून.

वडिलांनी मात्र उपाय काढला. आमच्या शेजारी कारखान्यातलेच एक वेल्डर राहत. त्यांना मानलेले मामा म्हणून उभं करायचं. आईनं विचारलं, ह्यांनाच का? वडील म्हणाले, त्यांचे विचार बरोबर आहेत. आणि खरोखर त्यांनी शेजाऱ्यांना ओट्यावर बसवून आरमार, गहू, बॉम्बफेक यांवर प्रश्न विचारले. शेजारी चहाचे घोट घेत प्रत्येक प्रश्नाला "तुम्ही म्हणता तसंच" असं उत्तर देत होते. ते पास झाले.

धाकटीनं हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि बाहेर आली. ती कमी बोलायची.

"माझ्यामागं मामा उभे राहतील," ती वडिलांना म्हणाली. "नाहीतर मी उभी राहणार नाही."

त्यानंतर ती गहू निवडायला बसली. आईनं वडिलांशी बोलणं बंद केलं. घरात दोन पक्ष होते, आता तीन झाले, आणि लग्नाला दहा-बारा दिवस उरले होते. मी नवऱ्याला डबा कुठे ठेवलाय ते सांगितलं आणि सकाळची पॅसेंजर पकडून नांदगावला गेले.

मामा हातांना गोणपाट गुंडाळून बांधावरचं गाजरगवत उपटत होते. मला बघून खूश झाले, पण विषय काढताच म्हणाले, "तू आमेरिकेकडनं आली का आक्काकडनं?" मी म्हणाले, धाकटीकडून. त्यावर ते नुसतंच गवत उपटत राहिले. मामी ओसरीवरून म्हणाली, "पोरीला हळद लागायला आली, आन् ह्यांचं आजून आमेरिकाच चाललंय."

मी सरळ व्यवहारावर आले. म्हटलं, लढाई सुरू कोणी केली आणि लांबवली कोणी, हे दोन वेगळे आयटम आहेत. सुरू केल्याचं वडील मान्य करतील. लांबवल्याचं तुम्ही करा. मामांनी हाताचं गोणपाट सोडून पुन्हा गुंडाळलं. लांबवल्याचं देता येईल, म्हणाले, पण आरमार देणार नाही. मी म्हटलं, आरमार कोणी मागितलेलं नाही. मग गाजरगवताचं काय? गवत तुमच्याकडेच ठेवा, मी म्हटलं. आहेच ते, मामा म्हणाले.

परत येऊन वडिलांशी हाच सौदा केला. तेही तयार झाले. पण आधी कोणी बोलायचं? मामा म्हणत, दाजींनी. वडील म्हणत, रुसला त्यानं. चार माणसांत आधी तोंड उघडायला दोघेही तयार नव्हते. मी दोनदा नांदगावला जाऊन आले. तिसऱ्या फेरीत, मनमाडला गाडी थांबली असताना, फलाटावर एक वऱ्हाड उतरलं आणि बँडच्या आवाजात मला बाकावरच्या शेजारणीचं बोलणं ऐकू येईना. तेव्हा मला सुचलं.

शेवटचं "शुभमंगल सावधान" झालं की बँड एकदम वाजतो, लोक टाळ्या पिटतात, अक्षता उडतात. त्या गदारोळात दोघांनी आपापलं वाक्य एकाच वेळी, पूर्ण आवाजात म्हणायचं. चार माणसं नाही, चारशे असतील. अट पुरी होईल. ऐकू कोणालाच जाणार नाही.

दोघांनाही हे एकदम पसंत पडलं. इतकं पसंत पडलं की मला जरा आश्चर्यच वाटलं.

लग्नाच्या दिवशी मामा फेटा बांधून हजर होते. मानलेल्या मामांना आम्ही पंक्तीची देखरेख दिली, त्यात ते जास्त खूश होते. मामांनी धाकटीला हाताला धरून बोहल्यावर आणलं आणि तिच्यामागं उभे राहिले. वडील बाजूला, हातात अक्षता. एकमेकांकडे बघायचं नाही, असं मी दोघांना बजावलं होतं. बँडवाल्यांना शेवटच्या सावधानला जोरात वाजवायला सांगितलं होतं. सगळं जागच्या जागी होतं.

फक्त आमची आत्या. तिनं स्वतः मंगलाष्टका रचल्या होत्या. तीन म्हणून झाल्या होत्या आणि प्रत्येक वेळी बँडवाल्यांनी सनई तोंडाला लावून पुन्हा खाली घेतली होती. भटजींनी शेवटचं सावधान म्हटलं, आणि नेमका त्याच वेळी आत्यानं घसा खाकरून कागद उलटला. बँडवाल्यांना वाटलं, चौथी आली. त्यांनी सनई खालीच ठेवली. लोकांनी मूठ आवळून धरली. मांडवात टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

त्या शांततेत वडील आणि मामा एका सुरात ओरडले.

"आमच्या गाढववाल्यानं सुरू केली!"

"आमच्या हत्तीवाल्यानं लांबवली!"

आत्या कागद धरून तशीच उभी राहिली. भटजींचा हात अंतरपाटावर होता, तो अर्धवट खाली आला. अंतरपाटापलीकडून नवरदेव बघत होता. पलीकडच्या बाजूला वणीची सगळी मंडळी होती, आणि सगळ्यांच्या पुढे व्याही. इतके दिवस जी गोष्ट सावरत आणली ती नेमकी बोहल्यावर सांडली.

धाकटी हसली. आधी खांदे हलले, मग मुंडावळ्या हलायला लागल्या, मग तिला आवरेना. मामांनी मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेही हसायला लागले. वडिलांचं तोंड लाल झालं होतं. ते मामांकडे बघत होते. अखेर तेही हसले. खांदा धरून.

व्याह्यांनी एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं. मग गंभीरपणे आपल्या मुठीतल्या अक्षता वधूवरांवर टाकल्या आणि मागे वळून आपल्या माणसांना खूण केली. अख्ख्या वणीनं अक्षता टाकल्या. मग कुठे बँड वाजला.

पंक्तीत व्याही माझ्याशेजारून जाताना म्हणाले, "तुमच्याकडची रीत चांगली आहे. कुळातल्या वडीलधाऱ्यांचे दोष बोलून टाकायचे, मग मुलगी द्यायची." मी हो म्हटलं. अजून आचाऱ्याकडे बघायचं होतं.

पण त्यांनी ते लक्षात ठेवलं. पुढे काही वर्षांनी त्यांच्या मुलीचं लग्न वणीला झालं. तोवर अमेरिकेत सिनेमातून आलेला अध्यक्ष बसला होता आणि त्याच्यावरून आमच्याकडे नवा हंगाम सुरू झाला होता. व्याह्यांनी वडिलांना आणि मामांना खास निरोप पाठवला: आमच्या सुनेचा संसार चांगला चाललाय, तेव्हा आमच्या लेकीलाही तुमचा तो ओरडायचा मान द्या. दोघेही गेले. टोपी, टॉवेल, नारळ घेतला. शेवटच्या सावधानला ठरलेली वाक्यं ओरडले. या खेपेला बँड वेळेवर वाजला, त्यामुळे दोघेही नाराज झाले.

त्याच लग्नात कृषी महाविद्यालयातले एक प्राध्यापक माझ्या ताटाशेजारी बसले होते. त्यांनी सहज सांगितलं की गाजरगवत आपल्याकडे फार आधी, पुण्याच्या बाजूला दिसलं होतं, आणि तेव्हा अमेरिकेत अध्यक्ष होता तो हत्तीवाला. मी समोर बघितलं. वडिलांशेजारी मामा बसले होते आणि जिलबी मोडता मोडता हात खाजवत होते. धाकटी पंक्तीत वाढत होती. तिच्या काखेत लेक होती, वर्षाची, आणि मामा त्या पोरीपुढे आपलं बोट धरून "चल, चल" म्हणत होते.

मी प्राध्यापकांच्या ताटात आणखी एक जिलबी वाढायला लावली आणि पाऊसपाण्याचं विचारलं.