दुबई, तीन तासांवर

"मासी, दुबई तो आ रह्युं!" शेजारच्या बेन हात लांबवून आईला सांगायच्या, जणू अकोट्याचा पूल ओलांडला की दुबईच. त्या 'हे काय, इथंच'चा मला आजही संताप येतो. बडोद्यातल्या माणसाला सगळंच इथंच असतं, तासाभरावरचं करजणही आणि दुबईही.

दादाला तिकडे नोकरी लागली तेव्हा सयाजीगंजातल्या एजंटाने तिकीट आणून दिलं. आमचे वडील, अण्णा, रेल्वेतून निवृत्त झालेले. गाड्यांची वेळापत्रकं लावण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी चष्मा पुसून तिकीट वाचलं. मुंबईहून सुटणार दहाला, दुबईला पोचणार साडेअकराला. "दीड तास!" अण्णा म्हणाले. "आपल्या गाडीला सुरत गाठायला याहून जास्त वेळ लागतो." आई इतकी खूश झाली की तिने सगळ्यांना न विचारता पुन्हा भाजी वाढली.

मी तेव्हा कॉलेजात, म्हणजे अतिशहाणी. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं, प्रवास खरा तीन तासांचा, हे मी नकाशावर बोट ठेवून पटवूनच सोडलं. अण्णांनी नाखुशीने मान्य केलं. आईने मात्र त्या तीन तासांची पदराला गाठ मारली. पुढे दादाही बेनांच्या फोनवर तेच म्हणायचा, "तीन तासांवर तर आहे मी, आई. हाक मारलीस की आलो."

काही वर्षांनी हाक मारायची वेळ आली. आईला दवाखान्यात ठेवलं आणि डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या. गुरुवारची दुपार होती. मी समोरच्या पीसीओतून फोन लावला.

"पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असतो," दादा म्हणाला. "आज-उद्या इथं आठवड्याची सुट्टी. शनिवारी साहेबांची सही झाली की निघतो."

"पासपोर्ट तुझा ना? मग त्यांच्या कपाटात कशाला?" मी इतक्या जोरात ओरडले की पीसीओवाल्याने काचेवर टकटक केली. पळून जाऊ नये म्हणून गाईगुरं बांधतात, माणसं नव्हे, हे मला त्याला सांगायचं होतं. सांगितलं नाही. मीटरवर मिनिटं पळत होती.

वर आले तर आईने विचारलं, "निघाला का?"

"निघाला," मी म्हणाले.

"मग येईलच आता. तीनच तास." तिने मला आपले केस विंचरायला लावले. संध्याकाळी पुन्हा विंचरायला लावले. शुक्रवारी दोनदा. मला तिचाही राग आला, एकदा तरी तिने मला खोटी म्हणायला हवं होतं.

शनिवारी सकाळी ती गेली. दादा रविवारी दुपारी घरी पोचला. बॅग खांद्यावरच ठेवून तो अण्णांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "विमान वेळेवर होतं, अण्णा."

अण्णांनी हात पुढे करून तिकीट मागितलं. सुटायची वेळ, पोचायची वेळ. येताना तीन तासांवर घड्याळाचे दीड तास चढतात; आता ते वजाबाकी करून साडेचार तास म्हणणार, असं मला वाटलं. पण त्यांनी तिकीट घडी करून परत दिलं.

"गाडीचा वेळ पहिल्या स्टेशनापासून धरतात," ते म्हणाले. "गुरुवार दुपार ते रविवार दुपार. तीन दिवस."

आईला मी तास सांगितले होते.