आजीची शिवी

आमच्या घरात अभद्र बोलायची सोय नाही. कुणी रागात "मरू दे" म्हटलं की माझी आई लगेच दटावते, "शुभ बोल गं, वास्तू तथास्तु म्हणत असते!" माझ्या बहिणीची लेक याच धाकात वाढली.

ती तीन वर्षांची असताना तिचा बाप दोघींना तळेगावात आमच्याकडे टाकून लोहगडवाडीला आपल्या आईकडे निघून गेला. पुन्हा फिरकला नाही. मी त्याच्या नावानं कडाकडा बोटं मोडायची. आता पोर चौथीत, आणि निरोप आला : पोटाचा कॅन्सर आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, लेकीला एकदा बघायचंय. बहीण म्हणाली, "तिला जायचं असेल तर ने."

पोर मात्र ऐकल्यापासून नीट जेवेना. वेणी घालत होते तेव्हा एकदम रडायलाच लागली.

"मावशी, हे माझ्यामुळं झालं. मैत्रिणी घरी आल्या होत्या ना, बाबा कुठं असतात विचारत होत्या. मी म्हटलं, मेले. वास्तूनं ऐकलं."

"अगं वेडाबाई, असं काही नसतं," मी म्हटलं, पण तिला पटेना. मग स्कूटी काढली. म्हटलं, चल, त्यालाच विचारू.

लोहगडवाडीत ट्रेकवाल्यांसाठी त्यांचं भज्यांचं दुकान आहे, त्याच्या मागच्या पडवीत तो खाटेवर पडला होता. मेला, रागवायलासुद्धा उरला नव्हता! पोर दारातच थांबली आणि एका दमात बोलून गेली, "बाबा, तुम्ही मेलात असं मी सगळ्यांना सांगितलं. म्हणून तुम्ही आजारी पडलात."

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. तो खोकत खोकत हसला.

"अगं येडे, माज्या आयला इचार. ल्हानपणापासनं रोज मुडदा बशिवती ती माजा. वास्तू आयकत असती तर मी चौथीतच गेलो असतो. आये, हिला म्हणून दाव गं."

म्हातारी पिठाचे हात घेऊन दारात आली होती. "न्हाई बाबा. तू आजारी पडल्यापासनं सोडलंय मी ते."

"म्हण की. पोरीसाटी म्हण."

म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं. "मुडदा बशिवला तुजा," कसंबसं म्हणाली.

पोरीनं श्वास रोखून वर आढ्याकडं पाहिलं, मग बापाकडं. त्यानं डोळे मोठे केले. "हाय का न्हाई मी?"

"आहात," ती म्हणाली आणि खाटेवर त्याच्या पायाशी जाऊन बसली. सहा वर्षांनी त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझे डोळे वाहायला लागले, मी पुसलेसुद्धा नाहीत.

म्हातारी तोंडात पदर कोंबून हुंदके देत होती. पोर खाटेवरून उतरली, तिच्या कमरेला मिठी घालून म्हणाली, "आजी, रडू नको ना. तू बोललीस म्हणून काही नाही होणार त्यांना."