परवानगीचं दार

बापू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कासारवाडीत भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून हुज्जत घालत होतो. जुडी तिथंच टाकली आणि रिक्षा केली. मोशीच्या पुढे, चाकणच्या रस्त्याला लागून त्यांची ती सोसायटी. पोहोचलो तर गेटबाहेर आमच्या कंपनीतली निम्मी जुनी शिफ्ट उभी. कुणाच्या हातात हार, कुणी नुसताच रुमालानं मान पुसतोय... आत मात्र कुणीच नाही. विचारलं तर वॉचमन अगदी नम्रपणे म्हणाला, "अप्रूवल नहीं आया, अंकल." तिथं पाहुणा आला की वॉचमन आपल्या मोबाइलवर फ्लॅटचा नंबर टाकतो, घरमालकाच्या फोनवर विचारणा जाते आणि त्यानं होकाराचं बटण दाबलं तरच माणसाला आत सोडतात. बापूंच्या फ्लॅटला जोडलेला फोन होता त्यांच्या मुलाचा, मंदारचा. मंदार बंगळुरूहून निघालेला, विमानात बसलेला, फोन बंद. तेवढ्यात हॉस्पिटलमधून बापूंना घेऊन शववाहिका आली. तिला कुणी काही विचारलं नाही. अडसर वर गेला, बापू आत गेले, अडसर खाली आला आणि आम्ही बाहेर राहिलो. त्या क्षणी जो राग आला तो अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

बापू मूळचे लातूरकडचे. आम्ही दोघं एकाच दिवशी प्रेस शॉपला लागलो आणि एकाच वर्षी निवृत्त झालो. पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या त्या दणदणाटात माझे कान थोडे गेले, बापूंचे बरेच गेले. त्यांनी निगडी प्राधिकरणात घर बांधलं, तेही हप्त्याहप्त्यानं. आधी दोन खोल्या, मग स्वयंपाकघर, मग वरचा मजला. घर कोपऱ्यावरचं, म्हणून कंपनीची बस तिथंच थांबायची. त्यांच्या ओट्यावर पहिल्या शिफ्टची माणसं बसून असायची, आणि शकुंतलावहिनी आतून ओरडायच्या, "चहा ठेवलाय, पिऊन जावा, बस काय पळून चालली का?" दाराला दिवसा कडी लागलेली मी कधी पाहिली नाही. वरच्या मजल्यावर लातूरकडून नोकरीला आलेलं कुणी ना कुणी असायचंच. खोली मिळेपर्यंत राहा म्हणायचे आणि खोली मिळाली की बापूंनाच वाईट वाटायचं. त्यातला संतू सगळ्यात जास्त दिवस राहिला. चाकणला कंत्राटी काम करायचा, रात्रपाळी करून आला की वहिनी त्याला गरम भाकरी वाढायच्या. त्याचं लग्नही बापूंनीच जमवलं. एकदा कुणी भामटा नळदुरुस्तीच्या निमित्तानं आत शिरून भरलेला गॅस सिलिंडर घेऊन गेला. वहिनी चिडल्या. बापू हसत म्हणाले, "त्याच्या घरी बी चूल पेटायला पाहिजेच की."

हा सिलिंडर पुढे फार महागात पडला.

वहिनी गेल्या. बापूंचे गुडघे बोलायला लागले. मंदारचं म्हणणं, एकट्या माणसाला एवढं घर हवंय कशाला? जिना, गच्ची, पाण्याची टाकी, कोण बघणार? बोलणं चूक नव्हतं, ते मीही मान्य करतो. बापूंनीही केलं. "मलाबी वर चढवत नाही आता, दिनकरराव," असं मला म्हणाले. मग मंदारनं मोशीपुढचा हा फ्लॅट घेतला. एक खोली, हॉल, स्वयंपाकघर, लिफ्ट, खाली औषधाचं दुकान, सगळी सोय. आवराआवर चालू होती तेव्हा मी तिथं होतो. कपाट गेलं, मोठी पातेली गेली, झोपाळा गेला, बापूंनी हूं की चूं केलं नाही. वरच्या मजल्यावरच्या गाद्या खाली आल्या तेव्हा मात्र ते पुढे झाले. "यातल्या किती न्यायच्या?" मंदार मोबाइलवर काहीतरी बघत म्हणाला, "बाबा, तुम्ही एकटे. एक." बापूंनी ढिगातली एक गादी ओढून बाजूला ठेवली. मग त्यांनी स्वतःच हमालाला बाकीच्या उचलायची खूण केली.

नव्या घरी मी पहिल्यांदा गेलो आणि गेटवरूनच परतायची वेळ आली. मंदार मीटिंगमध्ये, उत्तर नाही. बापूंना फोन लावत राहिलो, पण घंटी त्यांना ऐकू यायची नाही हे तेव्हा सुचलं नाही. शेवटी त्यांनी उचलला आणि लिफ्टनं उतरून, पार्किंग ओलांडून, गुडघे सावरत गेटपर्यंत आले. "अरे, हा माझा माणूस हाय!" वॉचमनला सांगताना त्यांचा आवाज चढला होता. मला आत नेलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मी इथं राहतो का मला इथं ठेवलंय, काही कळंना बघा."

मी मंदारला फोन केला. बापूंचा नंबर जोड, एवढंच तर करायचं होतं. "काका, बाबा कुणालाही आत घेतात. सिलिंडरची गोष्ट आठवते ना? आजकाल म्हाताऱ्या माणसांना एकटं गाठून काय काय करतात, तुम्ही वाचत नाही का?" मी म्हणालो, मग माझं नाव तरी कायमचं घाल. बघतो म्हणाला. बघितलं नाही. बापूंनी स्वतः किती वेळा विनवलं ते मला ठाऊक आहे, कारण प्रत्येक वेळी ते मला सांगायचे आणि वर मुलाचीच बाजू घ्यायचे. "त्याला काळजी वाटतीय, दुसरं काय." अशी काळजी माझ्या वैऱ्यालाही नको. झाडूपोछा करणाऱ्या बाईला रोजचा पास होता. ज्यांच्याबरोबर आयुष्य काढलं त्या माणसांना नव्हता.

माणसं एकदा येतात, दुसऱ्यांदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत. संतू बापूंना पोर दाखवायला बायकोला आणि तान्ह्या पोराला घेऊन आला होता. उन्हात उभा राहिला, बापूंना फोन लावत राहिला आणि परत गेला. गावाकडे जाऊन म्हणाला, बापूला आता मोठ्या सोसायटीचं वारं लागलंय. ते फिरून बापूंच्या कानावर आलं. मोठ्यानं बोललेलंही ज्यांना धड ऐकू यायचं नाही, त्यांना हे बरोबर ऐकू आलं. त्या दिवशी मी भेटलो तर त्यांचा चेहरा बघवेना. "त्याला वाटलं, मीच नको म्हणालो... दिनकरराव, माझ्या दारातून माणूस परत गेला." त्यांनी संतूला फोन लावला. त्यानं उचलला नाही. पुन्हा लावला. मग लावायचं सोडून दिलं. पुढं ते संध्याकाळी गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसायला लागले, म्हणजे कुणी आलंच तर दिसावं. मी तिथंच भेटायचो. मग एक दिवस सकाळी झाडूवाली बाई आली आणि दार उघडेना, तेव्हा शेजाऱ्यांनी धावपळ केली. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दिवशी विमान उतरल्यावर मंदारनं फोन चालू केला आणि होकाराचं बटण दाबायला सुरुवात केली. एकेक करून आम्ही आत गेलो. तो घरी पोहोचला तेव्हा मी त्याच्याशी वाईट वागलो नाही. तोही रडत होता, खोटं रडत नव्हता. पण रडता रडता त्याचा फोन वाजत होता आणि तो डोळे पुसून अंगठा टेकवत होता, पुन्हा वाजत होता, पुन्हा टेकवत होता. शेवटी म्हणाला, "बाबांना इतकी माणसं ओळखायची?" मी दाराबाहेर चपला सरळ लावायला गेलो. थांबलो असतो तर त्या घरात नको ते बोललो असतो.

बसायला जागा नव्हती. कुणीतरी सतरंजी शोधायला आतल्या खोलीचं दार ओढलं, तर दारामागे प्लास्टिकच्या स्टुलांची चळत. एकात एक बसवलेली, नवी कोरी, दुकानाचं पातळ वेष्टणसुद्धा तसंच. मंदारला काही ठाऊक नव्हतं. झाडूवाली बाई म्हणाली, "आजोबांनी राहायला आल्या आल्याच आणलीत. मी म्हटलं, काढू का, पुसून ठेवते. तर म्हणायचे, राहू दे, माणसं आली की काढू." संतू आला होता. गेटवर आमच्या मागे उभा होता, तोंड लपवून. त्यानंच ते वेष्टण फाडलं, म्हाताऱ्यांना एकेक स्टूल दिलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभा राहिला. मी बस म्हणालो. "न्हाई काका," एवढंच म्हणाला.

आता फ्लॅट भाड्यानं दिलाय. मागच्या आठवड्यात चाकणला एका लग्नाला निघालो होतो, बस त्याच रस्त्यानं जाते. काय वाटलं कुणास ठाऊक, उतरलो. वॉचमन गेटशी बसला होता, बापूंच्या स्टुलावर. मंदारनं सामान काढताना ती सगळी गेटवरच्या पोरांना देऊन टाकली असणार. मला पाहून तो ओळखीचं हसला, उठला आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बैठिए, अंकल." मी बसलो. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि सवयीनं विचारलं, "किसके यहाँ जाना है?"

मी बापूंचं नाव सांगायला तोंड उघडलं होतं.