जनाना खेळातील एक आवाज

५ फेब्रुवारी १९६४, बुधवार, दुपारचे तीन. नांदुऱ्याच्या टॉकीजमध्ये जनाना खेळ सुरू झाला. प्रेक्षकांत पुरुष नव्हता. वर यंत्राच्या खोलीत मी होतो, कारण यंत्र चालवणे ही माझी नोकरी होती.

चित्रपट दोन मैत्रिणींचा होता. मध्यंतराआधी नायक एकीचा हात धरतो. ती पुन्हा पुन्हा नाही म्हणते, तो हसतो, आणि गाणे सुरू होते. गाणे संपेपर्यंत तीही हसू लागते. रोजच्या खेळात या जागी शिट्ट्या पडत. हल्ली मुलींच्या मैत्रीवर, त्यांच्या होकार-नकारावर चित्रपट निघतात. नात मला दाखवते. त्या काळी बाईचा नकार म्हणजे गाण्याआधीची वाट पाहणे, एवढेच.

त्या दुपारी शिट्टी पडली नाही. अंधारातून एक आवाज आला.

"सोड ना बे तिले! नाही म्हणून राह्यली ना ते!"

बाया हसल्या. "पडद्यावरचा हाय वो तो, त्याले काय ऐकू येते?" एक म्हणाली.

"घरातला तरी कुठी ऐकते!" दुसरी म्हणाली.

आवाज मी ओळखला. मुलगी आमच्या गल्लीतली, अठरा वर्षांची, शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जाणारी. मोताळ्याच्या एका घरी तिचे लग्न ठरत आले होते. तिने घरात नको म्हणून सांगितले होते. ते गल्लीने ऐकले होते. "पोरीले काय समजते," म्हणून बापाने विषय मिटवला. त्या दिवशी त्या घरच्या मुलाची आई नांदुऱ्याला आली होती आणि हौसेने होणाऱ्या सुनेला सिनेमाला घेऊन आली होती. सासू पुढच्या रांगेत बसली होती. मागे मुलगी आणि तिची वर्गमैत्रीण.

मध्यंतराचे दिवे लागले. मुलाची आई मागे वळली.

"कोण ओरडली वो?"

मुलगी उठू लागली. मैत्रिणीने खांदा दाबून तिला खाली बसवले आणि स्वतः उभी राहिली.

"मी ओरडली, मावशी."

"बरं झालं माय. मले वाटलं, आमचीच हाय."

मी पाणी प्यायला खाली उतरलो. जिन्याखालच्या रांजणापाशी त्या दोघी होत्या.

"काऊन उठली तू?" मुलीने विचारले.

"तुह्यं लग्न मोडलं असतं ना, येडे!"

"तेच तर मोडाचं होतं. तिले ऐकू जावं म्हणूनच ओरडली मी."

मैत्रीण रडू लागली. "मले सांगाचं तरी होतं. आता जाऊन सांगू का?"

"आता कोण खरं मानते?"

इतक्यात मुलाची आई दारात आली. "ये पोरी, माह्याजवळ बस. अशा सोबतीत नको राहू."

मुलगी गेली. उत्तरार्ध तिने होणाऱ्या सासूशेजारी बसून पाहिला. मैत्रीण आत परतली नाही. पडद्यावर मात्र शेवटी दोघी एकाच मांडवात बोहल्यावर चढल्या.

वैशाखात हिचेही लग्न झाले. ट्रेनिंग सुटले. मुलगी राजीखुशीने गेली, असे बाप पुढे सांगत असे. मांडवात ती काही बोलली नव्हती, हा त्याचा पुरावा.

त्या दुपारी खेळ सुटला, बाया गेल्या. बाहेर संध्याकाळच्या खेळासाठी पुरुषांची गर्दी जमू लागली. मी रिळे उलटी गुंडाळली, यंत्रातील दिव्याच्या, जळून संपलेल्या कार्बनच्या कांड्या बदलल्या आणि पहिले रीळ चढवले.